नवरा बोलेनासा होतो तेव्हा

“ह्यांचं माझ्यावरनं मन उडालंय बघा, मॅडम,” असे म्हणत कोल्हापुरातील एक शिक्षिका समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्या. याच अर्थाची तक्रार घेऊन अनेक विवाहित स्त्रिया येतात, म्हणून ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे. त्यांचे पती ‘शिवाजी उद्यमनगर’ या तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथचा छोटा कारखाना चालवतात. काही महिन्यांपासून ते घरात मोजकेच बोलत, मुलावर खेकसत आणि जेवण उरकताच आतल्या खोलीत जाऊन पडत. बाहेर काही प्रकरण असेल का, हा संशयही बाईंनी चाचरत बोलून दाखवला.

अशा वेळी मी आधी हे विचारते, की ते फक्त तुमच्यापासून दूर गेले आहेत, की स्वतःच्या आवडीच्या साऱ्याच गोष्टींपासून? बाई आठवू लागल्या. कधी न चुकणारी सकाळची तालीम बंद होती, मित्रांचे फोन वाजून थांबत होते, आणि रविवारी हौसेने मटण आणणारा माणूस तांबड्या रश्श्याची वाटी दोन घोट घेऊन बाजूला सारत होता. पहाटे तीनच्या सुमारास जाग आली की पुन्हा डोळा लागत नसे. एवढ्यावरून निदान करता येत नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ असे चालले असेल, तर नैराश्याची शंका घेतलीच पाहिजे. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा चिडचिड, अबोला किंवा वाढलेली दारू अशा रूपात दिसते आणि घरच्यांना तो स्वभावच वाटतो.

पुढच्या भेटीला ते स्वतः आले. बिले थकली होती, कामगारांचे पगार उसनवारीवर चालले होते, आणि सकाळी मशीनचे बटण दाबायलाही हात उचलत नाही, हे त्यांनी खाली मान घालून सांगितले. जगणे नकोसे वाटते का, असे मी स्पष्ट विचारले. (विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.) तसे काही नव्हते. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवल्यावर त्यांनी थायरॉईडचीही तपासणी करून घेतली, कारण त्याच्या कमतरतेतही असाच थकवा आणि उदासी येते. तज्ज्ञांनी नैराश्यावर दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. “सवय लागंल” म्हणून ते त्या मध्येच सोडायला निघाले होते. नैराश्यावरच्या या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्या लागतात, हे दोघांनाही समजावले.

नात्याचे काम गोळीने होत नाही. बाई जितक्या खोदून विचारत, तितके ते गप्प होत, आणि ते गप्प झाले की बाईंचा आवाज चढे. म्हणून “तुम्हाला झालंय तरी काय?” याऐवजी “तुम्ही बोलला नाही की मला एकटं वाटतं” एवढेच सांगून थांबायचे, आणि उत्तर सुचत नसेल तर “आत्ता नको, उद्या बोलू” असे त्यांनी तोंडाने म्हणायचे, असे ठरले. हे जमायला वेळ लागला. मधल्या काळात भांडणेही झाली.

आता ते तालमीत जाऊ लागले आहेत आणि बाई अधूनमधून एकट्याच येतात. आजारी माणसाला सांभाळणाऱ्यालाही थकवा येतो, त्याची विचारपूस मात्र कोणी करत नाही. ज्यांना समुपदेशकापर्यंत जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे, आणि तेथे घरच्यांनीही फोन करावा.