डेशा, देशी आणि कूळ

आयर्लंडमध्ये वॉटरफर्डला राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : 'इथे हर्लिंगच्या (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) सामन्याला निळे-पांढरे झेंडे घेऊन लोक "अप द डेशा" असं ओरडतात. हे एका जुन्या राज्याचं नाव असल्याचं कळलं. जुन्या आयरिशमध्ये त्याचा उच्चार जवळपास "देशी" असाच व्हायचा म्हणे. आपल्या "देशी"शी त्याचं काही नातं? इंग्रजी पुस्तकांत त्याला "ट्रायबल किंगडम" म्हणतात. मुलाला मराठीत सांगताना काय म्हणू? "टोळीचं राज्य" कानाला बरं वाटत नाही.'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नातं नाही. का नाही, ते मात्र बघण्यासारखं आहे. आपला 'देश' आला दिश् धातूवरून. त्यातला श मूळ भारोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत आणि आयरिश या दोघींच्या आदिभाषेत, क-सारखा होता. आपल्याकडे त्याचा श झाला. आयरिशने क ठेवला, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडला तिथे त्याचा ख केला. म्हणून आपल्या 'शत'चं तिकडे 'केद', 'दश'चं 'देख', आणि 'श्वन्'चं 'कू'. (हो, तो कूसुद्धा कुत्राच.) तेव्हा आपल्या 'देश'चा कुणी आयरिश चुलतभाऊ असलाच, तर त्याच्या पोटात क नाहीतर ख निघायला हवा. वॉटरफर्डच्या नावातला श हा मुळात साधा स आहे, शेजारच्या इकारामुळे मऊ पडलेला. दोन वेगळ्या गावांहून आलेल्या माणसांचं आडनाव सारखं निघावं, तसा हा प्रकार. खरंच रक्ताचं नातं हवं असेल तर 'री' घ्या. आयरिशमध्ये री म्हणजे राजा, आणि आपल्या 'राजन्'चा तो सख्ख्यातला आहे.

आता या 'देशी'चा अर्थ. हे आधी विशेषनाम नव्हतंच. एखाद्या सरदाराच्या पदरी असलेली, त्याला सारा भरणारी माणसं म्हणजे 'देशी'. हे सामान्यनाम असल्याचा पुरावा नकाशावरच सापडतो. आयर्लंडच्या मन्स्टर प्रांताच्या दक्षिण भागात, आजच्या वॉटरफर्ड आणि दक्षिण टिपररी भागात, एक देशी होते. तारा या राजगादीच्या टेकडीजवळ मीथमध्ये दुसरे होते, आणि शॅनन नदीच्या बाजूला आणखी. 'पाटील' म्हटलं की 'कुठले पाटील?' विचारावं लागतं, तसंच हे. म्हणून वॉटरफर्डच्या लोकांना 'देशी मूअन', म्हणजे मन्स्टरचे देशी, असं जोडून म्हणत.

सारा भरायचा म्हणजे काय करायचं, हे इसवी सन 700 च्या आसपासच्या आयरिश कायदेग्रंथांत बारकाईने दिलंय. नाणी नव्हतीच, हिशोब दुभत्या गायींत चाले. सरदार माणसाला गुरं द्यायचा. त्याबदल्यात त्या माणसाने दरसाल खाण्यापिण्याचा जिन्नस पोचवायचा : मारलेलं जनावर, खारवलेलं मांस, माल्ट, धान्य. सुगीला अंगमेहनत करायची ती वेगळीच. शिवाय नव्या वर्षापासून लेंटचे (ईस्टरआधीचे) उपास सुरू होईपर्यंत सरदार आपली मंडळी घेऊन त्याच्याकडे जेवायला उतरणार. ऐन हिवाळ्यात, कणगीच्या तळाला हात लागत असताना! आपल्याकडे गाय अर्धलीने देतात, त्याच्याशी हा व्यवहार ताडून बघा. अर्धलीत निदान अर्धं वासरू तरी आपलं असतं.

अशा लोकांनी पुढे स्वतःचं राज्य केलं, तेव्हा नावाची पंचाईत झाली. 'भाडेकरू' नावाच्या राजघराण्याला मान कोण देणार? त्यावर उपाय म्हणून एक कथा रचली गेली, 'देशींची हकालपट्टी' म्हणून ओळखली जाते ती. ती बहुधा आठव्या शतकातली. कथेनुसार देशी मूळचे ताराचे, शंभर लढायांचा कॉन्न म्हणवणाऱ्या राजाच्या भावाचे वंशज. ताराचा राजा कॉर्मक याच्या मुलाने त्यांच्यातल्या एका मुलीला पळवून नेलं. तिचा नातलग ओएन्गस याने भाला चालवून राजपुत्राला मारलं, आणि त्याच झटापटीत भाल्याची साखळी लागून कॉर्मकचा डोळा गेला. अंगात व्यंग असलेल्या राजाला ताराच्या गादीवर बसता येत नसे, त्यामुळे कॉर्मकला पायउतार व्हावं लागलं आणि देशींना घरदार सोडावं लागलं. मग लेन्स्टर प्रांतात वणवण, आणि शेवटी मन्स्टर.

तिथे जमीन मिळाली ती एथ्ने नावाच्या मुलीमुळे. हिच्या लग्नातून आपल्या लोकांना जमीन मिळेल असं भाकीत झालं होतं. म्हणून ती लवकर वयात यावी यासाठी तिला तान्ह्या मुलांचं मांस भरवलं, असं कथा बिनदिक्कत सांगते. पुढे कॅशेलच्या, म्हणजे मन्स्टरच्या, राजाशी तिचं लग्न लागलं. एक शाखा समुद्र ओलांडून वेल्समधल्या डिव्हेडला गेली, असंही त्यात आहे. तिथे आयरिश वस्ती होती एवढं ओघम या जुन्या आयरिश लिपीतल्या दगडांवरून नक्की दिसतं. बाकी कथेचा हेतू माझ्या मते स्वच्छ आहे : आम्ही कुणाची कुळं नाही, आम्ही कुलवान आहोत, फक्त नशिबाने हुकलो.

शॅननकाठच्या देशींनी तर नावच टाकलं. दहाव्या शतकात बळ वाढल्यावर ते स्वतःला 'दाल कश' म्हणवू लागले. (इथली दाल म्हणजे वाटा किंवा हिस्सा, आणि त्यावरून वंश. आपल्या डाळीशी संबंध नाही. कश हा त्यांचा मूळपुरुष.) हे नाव इतिवृत्तांत पहिल्यांदा दिसतं ते 934 साली. 1002 मध्ये आयर्लंडचा सर्वश्रेष्ठ राजा झालेला ब्रायन बोरू याच घराण्यातला. वंशावळही सोयीस्करपणे मन्स्टरच्या जुन्या राजकुळाला नेऊन जोडली गेली. भाट सगळीकडे सारखेच.

वॉटरफर्डवाल्यांनी मात्र जुनं नाव सोडलं नाही, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. 914 मध्ये त्यांच्या कडेलाच व्हायकिंगांनी वॉटरफर्डचं ठाणं वसवलं. 1014 मध्ये क्लॉनटार्फच्या लढाईत ब्रायनच्या बाजूने लढताना देशींचा राजा मोथ्ला पडला. 1170 मध्ये नॉर्मनांनी शहर घेतलं आणि राज्याला उतरती कळा लागली. नाव पुढे इंग्रजी कागदपत्रांत 'डेसीस' म्हणून टिकलं, मीथमधलं 'डीस' म्हणून. अर्डमोरचे संत डेक्लन हे अजूनही देशींचेच संत. रिंग आणि ओल्ड पॅरिश या गावांत आजही आयरिश बोलतात, त्या पट्ट्याचं नावही यावरूनच आहे.

आता मुलाला काय सांगायचं? 'टोळी' नकोच. तिच्या मागे दरोडेखोर किंवा टोळधाड येते. 'जमात' म्हटलं की आपल्या डोक्यात सरकारी सूची उघडते. 'गणराज्य' तर उलटंच, कारण इथे राजा आहे. आयरिश लोकांचा स्वतःचा शब्द आहे 'तुआथ'. त्यात माणसंही येतात आणि त्यांचा मुलूखही. असे शंभर-दीडशे तुआथ एका वेळी नांदत, प्रत्येकाला आपापला री. त्यासाठी आपला जुना 'जनपद' चपखल बसतो, जनही आहेत आणि त्यांनी पाय रोवलेली जागाही. (आजच्या आयरिशमध्ये तुआथचा अर्थ नुसता 'खेड्यापाड्यांचा भाग' इतका उतरलाय. आपण 'देशावरचा' म्हणतो, त्याची आठवण होते.)

पण खास देशींपुरता मी 'कुळांचं राज्य' म्हणेन. कूळकायद्यातलं कूळ आणि कुळकथेतलं कूळ, दोन्ही अर्थ मराठीत एकाच शब्दात राहतात. एक दुसऱ्याची जमीन कसतं, दुसरं पूर्वजांची नावं सांगतं. देशींनी चारेकशे वर्षं खर्चून पहिल्या अर्थावरून दुसऱ्या अर्थावर उडी मारली, हे इंग्रजीत सांगायला एक परिच्छेद लागतो. आपल्याकडचा मुंबई कूळवहिवाट कायदा 1948 चा. वॉटरफर्डने हर्लिंगचं अखिल आयर्लंड अजिंक्यपद पहिल्यांदा जिंकलं तेही 1948 सालीच. योगायोगच, पण पुढच्या सामन्याला शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला सांगायला हरकत नाही.