नेट बंद करायचं बटण कुठे असतं?

प्रश्न : ताई, मी शाळेत संगणक शिकवते. ‘इंटरनेट अणुहल्ल्यातही टिकावं म्हणून बनवलं, त्यामुळे ते कुणालाच बंद करता येत नाही,’ असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले. परवा एका मुलीनं विचारलं, ‘मग अमुक देशात सरकारनं नेट बंद केलं, अशा बातम्या कशा येतात?’ मला उत्तर देता आलं नाही. सरकार खरंच इंटरनेट बंद करू शकतं का?

उत्तर : हो, आपल्या हद्दीतलं करू शकतं, आणि अनेक सरकारांनी केलंही आहे. तुमच्या विद्यार्थिनीनं नेमक्या जागी बोट ठेवलं.

त्या अणुहल्ल्याच्या गोष्टीत अर्धं खरं आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल बॅरन या अमेरिकी अभियंत्यानं हल्ल्यातही तग धरेल अशा जाळ्याचा आराखडा मांडला होता. निरोपाचे तुकडे करायचे आणि ज्या तुकड्याला जी वाट सापडेल तिनं तो जाईल, अशी ती कल्पना. १९६९ मध्ये सुरू झालेलं आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वरूप, मात्र संशोधकांना दूरदूरचे संगणक सामायिक वापरता यावेत म्हणून उभं राहिलं. तुकड्यांची कल्पना त्यात आली आणि आजही एक वाट तुटली की डेटा दुसरीनं जातो. पण त्यासाठी दुसरी वाट असावी लागते. शिवाय कुणी वाटा तोडण्याऐवजी त्या नकाशावरून पुसूनच टाकल्या, तर हा गुण कामाला येत नाही.

हे पुसणं एकदा माझ्याच हातून घडलं आहे. मी एकवीस वर्षं एका इंटरनेट कंपनीत राउटिंगचं, म्हणजे डेटाच्या वाटा ठरवण्याचं, काम केलं. इंटरनेटवरची प्रत्येक कंपनी शेजारच्या कंपन्यांना सतत सांगत असते, ‘हे हे पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचा डेटा इकडे पाठवा.’ ज्या पद्धतीनं हे सांगितलं जातं तिला बीजीपी म्हणतात. शेजारी पुढच्या शेजाऱ्याला सांगतो आणि थोड्याच वेळात ते जगभर पोचतं. नोकरीच्या सहाव्या वर्षी, रात्री अडीच वाजता, कोणते पत्ते जगाला सांगायचे हे ठरवणाऱ्या एका फिल्टरमध्ये मी चुकीचा आकडा टाकला आणि आमचं हे सांगणंच थांबलं. केबल शाबूत होत्या, वीज होती, राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. पण जगाच्या लेखी आमचे पत्ते उरलेच नव्हते. चूक सापडून दुरुस्त व्हायला अकरा मिनिटं लागली. तेवढ्यात पहिला फोन आला तो एका रुग्णालयातल्या तंत्रज्ञाचा. अपघातातल्या रुग्णाचा स्कॅन दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे जाता जाता अडकला होता. तो चिडला नव्हता, ‘किती वेळ लागेल एवढंच सांगा’ म्हणत होता. कुठे नेट बंद केल्याची बातमी वाचली की मला अजूनही त्याचा आवाज ऐकू येतो.

माझ्याकडून चुकून झालं ते सरकार जाणूनबुजून करवून घेतं. २८ जानेवारी २०११ रोजी मध्यरात्र उलटल्यावर इजिप्तमधल्या मोठ्या कंपन्यांनी आपले पत्ते जगाला सांगणं थांबवलं. सुमारे ३,५०० मार्ग जगभरच्या राउटरांमधून नाहीसे झाले. त्या रात्रीच्या नोंदींमधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कंपन्या एकदम गेल्या नाहीत, काही मिनिटांच्या अंतरानं एकेक करून गेल्या. एखादं बटण असतं तर सगळ्या एका क्षणी गेल्या असत्या. हे दिसत होतं एकामागून एक फोन लावल्यासारखं. त्याच वेळी युरोप आणि आशियाला जोडणाऱ्या, इजिप्तमधूनच जाणाऱ्या केबल व्यवस्थित चालू होत्या. जगाचा डेटा त्या देशातून वाहत होता आणि तिथल्या माणसांना त्याचा थेंबही मिळत नव्हता. नूर नावाची एक कंपनी तेवढी ३१ जानेवारीपर्यंत टिकली. शेअर बाजार तिचा ग्राहक होता. २ फेब्रुवारीला नेट परत आलं. त्या पाच दिवसांचं नुकसान ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेनं किमान ९ कोटी डॉलर धरलं होतं.

तेव्हा वर्गात सांगायचं तर असं सांगा, की बटण नसतं, कंपन्यांच्या फोन नंबरांची यादी असते. यादी जितकी छोटी तितकं काम सोपं. देशाबाहेर जाणाऱ्या वाटा दोन-तीन कंपन्यांच्याच हातात असतील तर एका रात्रीत सगळं आटोपतं. इराणमध्ये नोव्हेंबर २०१९ ला पूर्ण बंद व्हायला जवळपास एक दिवस लागला. पण तिथे बाहेरचं जग तुटलं तरी देशांतर्गत जाळ्यावरच्या सेवा चालू होत्या, कारण ते अंतर्गत जाळं सरकारनं वर्षानुवर्षं खपून बांधलं होतं. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. नेट बंद केल्यावर बँका आणि सरकारी कामकाजही अडतं, म्हणून सरकार ते लवकर सुरू करतं. स्वतःची अडचण होणार नाही अशी सोय एकदा करून घेतली, की घाई करण्याचं कारण उरत नाही.

साऱ्या जगाचं इंटरनेट कुणा एका सरकारला बंद करता येणार नाही. वेबसाइटचं नाव कुठे शोधायचं याची मूळ यादी सांभाळणारे रूट सर्व्हर १३ नावांनी ओळखले जातात, पण ते १२ वेगवेगळ्या संस्था चालवतात आणि त्यांची यंत्रं जगात हजाराहून जास्त ठिकाणी आहेत.

पूर्ण देशाचं नेट जातं तेव्हा बातमी होते. त्याहून कितीतरी जास्त वेळा एखाद्या जिल्ह्यातला मोबाइल डेटाच तेवढा थांबवला जातो, किंवा वेग इतका कमी केला जातो की फोटोही उघडत नाही. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये नेट गेलं, जानेवारी २०२० मध्ये टू-जी आलं आणि फोर-जी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० रोजी सांगितलं, की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी नेट बंद ठेवता येणार नाही.

त्यातल्या ‘प्रसिद्ध केले पाहिजेत’ या शब्दांचं मोल मला नोकरीमुळे कळतं. माझ्याकडे दोनदा फोनवरून तोंडी सूचना आली होती, अमुक भागाचं नेट थांबवा म्हणून. दोन्ही वेळा मी लेखी आदेश मागितला. एकदा तो तासाभरात आला आणि आम्ही पाळला. दुसऱ्यांदा आलाच नाही, आणि त्या भागातलं नेट चालूच राहिलं. सही करायची वेळ आली की माणूस कारण शोधतो, आणि कधी कधी कारण सापडत नाही.

प्रश्न : माझ्या मोबाइलमध्ये व्हीपीएन आहे. नेट बंद झालं तरी ते चालेल ना?

उत्तर : नाही. व्हीपीएन म्हणजे बंद पाकीट. टपालवाल्याला आतला मजकूर दिसत नाही, पण टपालच थांबलं तर पाकीट जाणार कसं? काही ठरावीक वेबसाइट अडवल्या असतील तर त्याचा उपयोग होतो. इजिप्तमध्ये लँडलाइन चालू होत्या, म्हणून काहींनी जुने मोडेम काढून परदेशातले नंबर फिरवले. फ्रान्समधल्या एका ना-नफा संस्थेनं त्यासाठी आपली लाइन खुली केली होती. ब्लूटूथवर एका फोनमधून दुसऱ्यात निरोप पोचवणारी ॲप्स गर्दीत चालतात, विरळ वस्तीत नाही. उपग्रहाच्या नेटला सहसा वेगळं उपकरण लागतं आणि बऱ्याच देशांत परवानाही. जवळच्या माणसांचे नंबर वहीत लिहून ठेवा, कारण अशा वेळी साधे फोन पुष्कळदा चालू असतात.

प्रश्न : आमच्याकडे नेट गेलं की बिघाड आहे की आदेश, हे कळतच नाही. कसं ओळखावं?

उत्तर : बिघाडानं खरोखर मोठी पडझड होऊ शकते, म्हणून लगेच संशय घेऊ नका. २८ मार्च २०११ रोजी जॉर्जियात जमीन खणणाऱ्या एका वृद्ध बाईचं फावडं केबलला लागलं आणि शेजारचा आर्मेनिया देश काही तास इंटरनेटशिवाय राहिला. जानेवारी २०२२ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकानं टोंगाची समुद्राखालची केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले.

दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि शक्य असल्यास घरची वायरची लाइन तपासून पाहा. एकच कंपनी गेली असेल तर बहुधा बिघाड. सगळ्या कंपन्यांचा मोबाइल डेटा एकदम गेला, आवाजी फोन मात्र लागतात आणि कंपनी कारण सांगत नाही, तर आदेशाची शक्यता बरीच. वेळही पाहा. म्यानमारमध्ये १५ फेब्रुवारी २०२१ पासून कित्येक आठवडे रोज रात्री १ ते सकाळी ९ नेट बंद होत असे. अल्जेरियात २०१८ मध्ये शालान्त परीक्षेचा पेपर सुरू झाला की तासभर नेट जायचं, पेपरफुटी रोखायला.

तारीख, वेळ आणि काय चालू, काय बंद हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि कंपनीकडे लेखी कारण मागा. सुदानमध्ये जून २०१९ मध्ये नेट बंद असताना एक वकील आपल्या मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून न्यायालयात गेले आणि जिंकले. दावा वैयक्तिक होता, म्हणून सुरुवातीला फक्त त्यांच्या सिमवर नेट आलं. ते पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी इतरांसाठी, आणि जुलैमध्ये बाकीच्यांचंही नेट सुरू झालं.