जुनी शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा, वाचायला घेताय?

सुरुवात रियोको इकेदांच्या ‘द रोज ऑफ व्हर्साय’ने करा. 1972 मध्ये सुरू झालेली ही मालिका उडॉन या प्रकाशनाने इंग्रजीत पाच जाडजूड खंडांत काढली आहे. मूळ कथा पहिल्या चारांत संपते. पाचवा उपकथांचा, तो मागाहून घेतलात तरी चालेल. त्यावरचा 40 भागांचा ॲनिमेही (ॲनिमेशन मालिका) नंतरच बघा. एकोणिसाव्या भागापासून दिग्दर्शन ओसामु देझाकींकडे गेलं आणि सगळा सूरच गडद झाला, ही गंमत मूळ गोष्ट माहीत असली तरच कळते.

पान उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे ठाऊक असेलच. खरी अडचण चौकटींची. नायिकेची पूर्णाकृती दोन-तीन चौकटींवर पसरते, मनातलं बोलणं संवादाच्या फुग्याबाहेर फुलांमध्ये तरंगत असतं. नुसते फुगे वाचत सुटलात तर अर्धी गोष्ट हुकेल. फोनवर वाचत असाल तर तो आडवा धरा, नाहीतर जोडपानाचं चित्र मधोमध तुटतं.

पुढची पायरी म्हणजे मोतो हागिओंची ‘द हार्ट ऑफ थॉमस’. एकाच खंडात पूर्ण.

जुन्या प्रती घेताना मात्र जपून! सीएमएक्स या प्रकाशनाने ‘स्वान’ या मांगाचे 21 पैकी 15च खंड काढले आणि 2010 मध्ये गाशा गुंडाळला. चित्रं अफाट आहेत, पण त्या आवृत्तीत शेवट नाही.