अलीकडे कोणते सिनेमे पाहिलेत आणि ते खरंच कसे वाटले?

प्रश्नात लिहिलंय की परीक्षण नको, नुसतं कसं वाटलं ते सांगा. बरं झालं, कारण परीक्षण मला जमणारही नाही. कॅमेरा, एडिटिंग वगैरे मला काही कळत नाही, मी परळला एका मेडिकलमध्ये काउंटरला उभा असतो सकाळपासून रात्री साडेआठपर्यंत आणि राहतो डोंबिवलीला. त्यामुळे सिनेमे दोनच ठिकाणी बघून होतात, एकतर रविवारी सगळ्या घराला घेऊन थेटरात (तेही कधीतरीच, पॉपकॉर्नच्या एका बादलीत आमची आठवड्याची भाजी येते) नाहीतर लोकलमध्ये मोबाईलवर, तुकड्या तुकड्यात, एक सिनेमा तीन-चार दिवस पुरतो.

आणि माझी एक खोड आहे, ती आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला प्रश्न पडणार नाही. सिनेमा सुरू झाला की माझं पहिलं लक्ष जातं ते हा माणूस पोटासाठी काय करतो इकडे. हिरो दिवसभर बाईकवर फिरतोय, गाणी म्हणतोय, मारामाऱ्या करतोय, अरे पण कामावर कधी जातोस बाबा? पगार कोण देतं तुला? बायको म्हणते तू सिनेमा बघायला येतोस की हजेरी घ्यायला. असेल. पण ज्या सिनेमात माणूस नीट कामाला लागलेला दिसतो तो माझ्या डोक्यात राहतो, बाकीचे पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत विसरतो.

सगळ्यात जास्त राहिला तो 'दशावतार'. 2025 च्या सप्टेंबरमध्ये आला, सुबोध खानोलकरांचा. आम्ही मूळचे कुडाळकडचे, त्यामुळे आईला न्यायचंच होतं, ती गुडघ्यामुळे थेटराच्या पायऱ्या चढायला नाही म्हणते पण ह्याला तयार झाली. दिलीप प्रभावळकर ह्यात बाबुली नावाचा दशावतारी कलाकार आहेत, म्हातारा, डोळे अधू होत चाललेत, मुलाचं म्हणणं की आता बस झालं, आणि ह्याचं काही पाऊल मागे येत नाही. ह्या माणसाचं वय एक्याऐंशी होतं सिनेमा आला तेव्हा! आमच्या काउंटरला एक्याऐंशीची माणसं येतात ती कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला. पडद्यावर तो मेकप करून उभा राहिला आणि आई माझ्या कानात म्हणाली, "ह्यो तर आमच्याच गावचो दिसता." मी म्हटलं आई हे प्रभावळकर आहेत, टीव्हीवर बघितलेत तू शंभर वेळा. तर म्हणे, "असांदेत."

ज्यांनी गावचा दशावतार पाहिला नाही त्यांना थोडं सांगतो नाहीतर कळायचं नाही त्यात काय एवढं. जत्रेच्या रात्री देवळापुढे नाटक चालतं, पालखी फिरून झाली की सुरू होतं ते पार उजाडेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि बाकी संवाद तिथल्या तिथे. बायकांची कामंही पुरुषच करणार. आणि तोंड रंगवायला वेगळा माणूस नाही, प्रत्येकजण आपापली ट्रंक उघडून, एका हातात छोटा आरसा धरून स्वतःच रंगतो. मी लहानपणी नाटकापेक्षा तेच बघायला मागच्या बाजूला जायचो. दुपारी जो माणूस आमच्या मळ्यात पाणी लावताना बघितलेला असायचा तो समोर बसून भुवई काढतोय, तोंडात विडी, कुणी हाक मारली तर मान न हलवता "हां" म्हणतोय कारण रेघ हलेल. मग मी गोधडी घेऊन आईच्या मांडीवर झोपायचो आणि राक्षस आला की ती मला उठवायची, ऊठ मेल्या, राक्षस इलो. सिनेमातला रंग लावायचा भाग बघताना मला हे सगळं आठवलं आणि मी अंधारात गप्प बसून राहिलो.

पण तक्रार पण आहे. सुरुवातीचा भाग इतका छान रंगलाय, आणि पुढे तो सूडाचा सिनेमा होतो. खाणवाले वाईट, म्हातारा एकेका रूपात येणार, शिट्ट्या वाजणार. थेटरात वाजल्या पण. खाणीचा विषय खोटा नाहीये हो, दोडामार्गातल्या कळणे गावात 2021 च्या जुलैत खाणीकडचा डोंगर कोसळला आणि चिखलपाणी लोकांच्या घरात शिरलं, आमच्याकडे त्या दिवशी सारखे फोन चालू होते. म्हणूनच मला वाटलं की एवढ्या खऱ्या गोष्टीला खलनायक इतका सोपा नको होता. आईला मात्र तो भाग जास्त आवडला. म्हणाली बरा केल्यान. तर आमच्या घरात ह्यावर एकमत नाही.

कोकणावरून 'तुंबाड'. 2018 मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा मी पाहिलाच नव्हता, बहुतेकांनी पाहिला नव्हता, मग 2024 च्या सप्टेंबरमध्ये परत लावला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. हॉरर म्हणून गेलो, घाबरलो थोडा. पण मला त्यातला विनायक म्हणजे ड्युटीवर जाणारा माणूस वाटला, शप्पथ. पुण्याहून निघायचं, पावसात भिजत त्या वाड्यात जायचं, दोरीने खाली उतरायचं, पिठाचं रिंगण घालायचं, खालच्या राक्षसापुढे पिठाची बाहुली टाकायची, मुठीत येतील तेवढ्या मोहरा घ्यायच्या आणि वर. मोहरा आणून विकायच्या, पैसे संपले की परत शिफ्ट. नंतर तर तो पोराला धंद्यात घेतो, घरी सराव करून घेतो, अगदी दुकानदार बाप पोराला गल्ल्यावर बसवतो तसा! पोरगा बापापेक्षा चलाख निघतो आणि मग काय होतं ते बघा. पाऊस इतका आहे त्या सिनेमात की बाहेर आल्यावर कपडे ओले वाटतात.

'मुंज्या' पण त्याच पट्ट्यातला, आदित्य सरपोतदारचा, 2024 च्या जूनमध्ये आलेला. पोरासाठी गेलो. मस्त टाइमपास, आजी झालेल्या सुहास जोशी फार गोड, भूत कॉम्प्युटरवर केलंय ते अर्ध्या तासाने सवयीचं होतं. मुंज झाल्यावर लगेच मेलेला पोरगा पिंपळावर बसतो ही गोष्ट आम्हाला लहानपणी फुकटात सांगायचे, संध्याकाळी पिंपळाखाली जाऊ नको म्हणून. बायको दोन दिवस रात्री बाथरूमला जाताना मला उठवत होती, एवढंच.

'छावा'बद्दल लिहिताना जरा जपून लिहितो, खाली लोक भांडतात. विकी कौशलने जीव ओतलाय ह्यात वाद नाही. आम्ही गेलो तेव्हा सगळे गारद म्हणून उभे राहिले, माझ्या पुढच्या रांगेतला एक बाप्या लहान मुलासारखा रडत होता, मलाही भरून आलं. पण अडीच तासांपेक्षा जास्त वेळ सगळेच ओरडून बोलतात. शेवटच्या छळाच्या भागात आईने पदर डोळ्यावर घेतला तो सिनेमा संपेपर्यंत काढलाच नाही, आणि मध्येमध्ये मला विचारत होती, झालं का. तो राजा नऊ वर्षं राज्य चालवत होता, महसूल, किल्ले, दाणागोटा, आरमार, एवढ्या बाजूंनी एकाच वेळी लढाया, हे सगळं चालवायचं कसं ते बघायला मला आवडलं असतं. तेवढं सोडून तलवारीच जास्त. असो.

'सैयारा'ला भाचीने ओढून नेलं. आजूबाजूला कॉलेजची पोरं हुंदके देत होती, आणि मी एकटाच काका तिथे. गाणी चांगली आहेत, दोघं नवीन असून काम चांगलं केलंय, नाही म्हणणार नाही. पण त्यातल्या मुलीला कोवळ्या वयात अल्झायमर होतो ना, तिथे माझा आणि सिनेमाचा रस्ता वेगळा झाला. आमच्याकडे एक बाई दर महिन्याला नवऱ्यासाठी डोनेपेझिलची, म्हणजे ह्याच आजारावरच्या गोळ्यांची, पाकिटं घेऊन जातात. कधीकधी त्यांना पण सोबत आणतात, घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून. ते काउंटरवरचं बाम उचलतात, खिशात घालतात, बाई काही न बोलता खिशातून काढून परत जागेवर ठेवतात, परत ते उचलतात. मागच्या वेळी बाईंनी तिसऱ्यांदा काढलं आणि मला म्हणाल्या, ह्याचं पण बिल लाव, घेऊ दे त्याला. हे बघितलेल्या माणसाला बर्फात गिटार घेऊन काय रडू येणार. भाची म्हणाली मामा तुला मनच नाही.

त्याच्या उलट 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'. पायल कपाडियाचा, 2024 ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे दुसरं मोठं बक्षीस मिळालं, तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा गेला आणि थेट बक्षीस घेऊन आला. खरं सांगतो, पहिल्या प्रयत्नाला मला ठाण्याच्या आत झोप लागली. फारच संथ आहे. दुसऱ्या वेळी रविवारी दुपारी घरी पाहिला आणि मग बसलोच. मुंबईतल्या हॉस्पिटलातल्या दोन मल्याळी नर्स आणि तिथेच स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती, रत्नागिरीकडची, छाया कदमने केलीय. पार्वतीच्या खोलीवर बिल्डरचा डोळा, नवरा गेलेला, आणि हातात कागद एकही नाही. परळला वीस वर्षं उभं राहिल्यावर अशा बायका मी मोजू शकणार नाही एवढ्या बघितल्यात, गिरणीतल्या माणसाची खोली, माणूस गेला आणि कागद कुठे ठेवला ते त्यालाच माहीत. मग ती बाई गप्पपणे बोचकं बांधून गावी निघते. त्याआधी ती आणि ती मोठी नर्स रात्री जाऊन बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात. होत काहीच नाही. पण मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

त्यातच एक छोटा प्रसंग आहे, धाकटी नर्स एका बाईला कुटुंबनियोजनाच्या गोळ्या गुपचूप देते. आमच्याकडे पण बायका येतात, दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर क्रोसिन मागतात, ते गेलं की हळूच दुसरं नाव घेतात, आणि मी न विचारता कागदात गुंडाळून देतो. मला वाटायचं हे फक्त काउंटरच्या ह्या बाजूला उभं राहणाऱ्यालाच माहिती असतं.

छाया कदम 'लापता लेडीज'मध्ये पण आहे, रेल्वे फलाटावर चहा-पकोड्याचा स्टॉल चालवणारी मंजू माई. सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय, घुंघटामुळे नवऱ्या बदलतात वगैरे, गोष्ट सांगत नाही. पान चघळत लाच घेणारा रवी किशन एक नंबर. पण माझ्यासाठी सिनेमा म्हणजे तो स्टॉल. ती हरवलेली कोवळी पोर कलाकंद करते, तो खपतो आणि तिला तिच्या हातात तिचे पैसे मिळतात. तेव्हाचा त्या पोरीचा चेहरा! मी माझा पहिला पगार आईला दिला तेव्हा तिने तो देवापुढे ठेवला आणि पाचच मिनिटात उचलून वाण्याकडे गेली, ते आठवलं.

इंग्रजी एकच पाहिला, ब्रॅड पिटचा 'एफ वन', मोटारींच्या शर्यतीचा, पोराच्या हट्टापायी, मोठ्या पडद्यावर. गोष्ट आपल्या जुन्या हिंदी सिनेमासारखीच, म्हातारा परत येतो, तरुणाशी खटके उडतात, मग गळाभेट. पण टायर बदलणारी ती टोळी! खऱ्या शर्यतीत दोन-अडीच सेकंदात चारही चाकं बदलतात म्हणे, पोराने मला यूट्यूबवर दाखवलं, मॅकलारेनवाल्यांनी 2023 ला कतारमध्ये 1.80 सेकंदात केलंय. सिनेमात टायर बदलणाऱ्यांत एक पोरगी आहे, तिच्या हातून चूक होते, तर मी ब्रॅड पिटला सोडून तिच्याच काळजीत. पोराला म्हटलं बघ, आणि आपली पंक्चर काढायला त्या दिवशी पाऊण तास.

शेवटी 'मंजुम्मेल बॉईज', मल्याळम, 2024 चा, हा लोकलमध्ये पाहिला. कोचीजवळच्या मित्रांची टोळी कोडाईकॅनलला फिरायला जाते आणि त्यातला एकजण गुणा गुहेतल्या खोल फटीत पडतो, 2006 साली खरंच घडलेलं आहे. पोलीस उतरायला तयार नाहीत, शेवटी एक मित्रच दोर बांधून खाली जातो. आणि गंमत म्हणजे ही सगळी रस्सीखेच खेळणारी पोरं, त्यामुळे वर ओढायची वेळ येते तेव्हा ती त्यांच्या खेळात ओढतात तशी टाचा रोवून ओढतात. मी दादरहून कल्याण फास्टमध्ये कसाबसा आत उभा, एक हात वर कडीला, दुसऱ्यात मोबाईल, आणि शेजारी एक माणूस ऑफिसची बॅग छातीशी धरून माझ्या मोबाईलमध्ये बघतोय. घाटकोपरपासून बघत होता. आवाज माझ्या कानात, तो नुसतंच चित्र बघतोय, पण मुलुंड गेलं तरी त्याची नजर हलली नाही. पोरगा खाली, दोर ताणलेला, आणि ठाणं आलं. गर्दी त्याला दाराकडे ढकलायला लागली तसा तो मान वळवून ओरडला, "अहो, वाचतो का तो?" मला तरी कुठे माहीत होतं, मीपण पहिल्यांदाच बघत होतो. गाडी सुटली, फलाटावरून तो माझ्याकडेच बघत होता.

पुढे तीनेक आठवड्यांनी तोच माणूस त्याच डब्यात दिसला, तीच बॅग. मी मधली दोन माणसं सरकवून त्याच्यापर्यंत गेलो आणि म्हटलं, "वाचतो."

तो म्हणाला, "कोण?"