फिरतीवर कथा कशी लिहावी?

प्रश्न: औषधकंपनीच्या कामासाठी कोल्हापूरहून मलकापूर, रत्नागिरी अशी एसटीने सतत फिरती असते. गाडीत कथा लिहायला घेतली की मळमळतं.
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: चालत्या गाडीत लिहूच नका, आंबा घाटात तर नाहीच. डोळ्यांपुढे कागद स्थिर असतो, आतल्या कानाला मात्र वळणं जाणवतात, म्हणून मळमळतं. घाटात खिडकीबाहेर बघत वाक्यं मनात जुळवा. गाडी थांबली की खिशातल्या वहीत चार-पाच शब्द टिपा: कोण, कुठं, काय बोललं. बॉलपेनच वापरा, जेलची शाई घामट हातानं फिसकटते. मोबाइलला सांगून लिहवलं तर इंजिनाच्या घरघरीत शब्द चुकतात, शिवाय शेजारचा कान देऊन ऐकतो! मुक्कामी जेवणाआधीच टिपणांवरून परिच्छेद उतरवा. जेवल्यावर झोप येते आणि शिळं टिपण आपलं आपल्यालाच लागत नाही.