जुन्या ४५ आरपीएम सिंगलचं (छोट्या रेकॉर्डचं) पहिलं प्रेसिंग, म्हणजे पहिली छपाई, कशी ओळखायची?

नुसतं लेबल बघून नाही, गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते ना, तिथे कोरलेले नंबर वाचून ओळखायचं. रेकॉर्ड तिरकी धरून टॉर्च मारा, लगेच दिसतात. उदाहरणार्थ १९६० च्या दशकातली ब्रिटिश ईएमआय कंपनीची सिंगल (पार्लोफोन, कोलंबिया, एचएमव्ही हे तिचेच ब्रँड) घ्या, मॅट्रिक्स नंबर (त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा नंबर) घड्याळातल्या ६ च्या जागी येईल असा धरला की त्याच्या शेवटी -१ किंवा -२ असतं, तो कितवा कट (गाणं कोरलेली मूळ तबकडी) ते सांगतो, डावीकडे ९ ला मदर नंबर (मदर म्हणजे ज्यावरून स्टॅम्पर बनतात तो धातूचा साचा) आणि उजवीकडे ३ ला स्टॅम्परचा, म्हणजे रेकॉर्ड छापणाऱ्या साच्याचा कोड, आणि हा कोड म्हणजे ग्रामोफोन लिमिटेड या नावातली GRAMOPHLTD ही दहा अक्षरं आहेत, जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत डी म्हणजे शून्य! मला तर हे डिकोड करण्यातच खरी मजा वाटते. काही ब्रिटिश रेकॉर्ड्सवर तिथेच 'अ पोर्की प्राइम कट' असं हाताने कोरलेलं सापडतं, ती कटिंग इंजिनिअर जॉर्ज पेकहॅमची सही.

फक्त एक लक्षात ठेवा, तोच कट पुढच्या छपाईलाही वापरला जायचा, त्यामुळे नुसत्या -१ वर जास्त पैसे मोजू नका, लेबलचं डिझाइन आणि त्याच्या काठावरचा मजकूरही गाणं पहिल्यांदा आलं त्याच वर्षाचा आहे का ते ताडून बघा. आणि अमेरिकन कंपन्यांची पद्धत वेगळी, तिथे हा कोड चालणार नाही.