पुण्याहून नागपूरला बदली झाली आहे, घरात वयस्कर आई आणि लहान मुलगी आहे. तिथला उन्हाळा झेपेल का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुजू व्हायचंय, बरोबर पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई आहे, आईंना बीपीची गोळी चालू आहे. घर कसं बघावं आणि कुलर घ्यावा की एसी, हेही विचारलंय.

झेपेल. मी मूळची साताऱ्याची. बँकेतल्या बदलीने नागपुरात आले आणि इथलीच होऊन गेले. माझ्या सासूबाईही म्हातारपणी इथेच आमच्याजवळ राहिल्या, त्यामुळे तुमची काळजी नेमकी कशाची आहे ते मला कळतं. सगळेजण आधी एसीचं मॉडेल विचारतात. माझ्या मते आधी घर, मग दिवसाचं वेळापत्रक आणि मग यंत्र. पहिल्या दोन गोष्टी जमल्या की तिसरीवरचा खर्च निम्म्यावर येतो.

आधी फरक कुठे आहे ते बघा. पुण्यात मे महिन्यातलं सरासरी कमाल तापमान 37 अंशांच्या आसपास असतं, नागपुरात 42-43. कडक आठवड्यात 45-46 होतं. पण पुण्याहून आलेल्याला खरा दणका बसतो तो रात्री. पुण्यात मे महिन्यातही पहाटे 22-23 पर्यंत उतरतं, अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं. इथे पहाटेचं तापमानच 28 च्या घरात असतं आणि भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्रीची विश्रांती मिळत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचाच त्रास जास्त होतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, नागपूर 310 वर. पण उंचीमुळे फार तर दीड अंशाचा फरक पडतो. बाकीचं कारण वाऱ्यात आहे. पुण्याला संध्याकाळी घाटावरून समुद्राचं वारं येतं. नागपूर दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत आहे आणि उन्हाळ्यात इथे वायव्येकडून कोरडं, तापलेलं वारं येतं. हा कोरडेपणाच तुमच्या कामी येणार आहे, कुलरचं सांगताना ते येईलच.

आता घर. सगळ्यात वरचा मजला घेऊ नका. भाडं कमी सांगतील, हवा छान येते म्हणतील, तरी नको. छताचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत खोलीत आग ओततो. मधला मजला घ्या. बेडरूमची भिंत पश्चिमेला असेल तर ती खोली आईंना देऊ नका. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा लावायला घरमालकाची परवानगी आधीच विचारून ठेवा. बाहेरून, कारण ऊन एकदा काचेतून आत आलं की आतल्या पडद्याचा फारसा उपयोग होत नाही. घर बघायला शक्यतो दुपारी तीन-चारच्या सुमारास जा. सकाळी अकराला इथलं कुठलंही घर गार वाटतं. आणि त्याच वेळी बाथरूमचा नळ सोडून बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी एप्रिलपासूनच हाताला चटका देतं. टाकीवर शेड आहे का, ती पांढऱ्या रंगाची आहे का, हे त्या एका नळावरून कळतं. आम्ही अजूनही रात्रीच बादल्या भरून ठेवतो आणि सकाळी त्या पाण्याने अंघोळ करतो.

वस्ती निवडताना झाडं बघा. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, धरमपेठ, अंबाझरीकडचा भाग जुना आणि झाडीचा आहे, तिथे संध्याकाळी फरक जाणवतो. भाडंही तसंच असतं. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडच्या बाजूला नव्या इमारती स्वस्त मिळतील, पण तिथे झाडं अजून लहान आहेत, आणि शहराच्या कडेच्या काही सोसायट्यांत मे महिन्यात टँकरवर भागवावं लागतं. पाणी महापालिकेचं आहे की बोअरचं, हे वॉचमनला विचारा. तो खरं सांगतो.

कुलर की एसी? दोन्ही, पण आधी कुलर. मार्च ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हवा इतकी कोरडी असते की खिडकीत बसवलेला मोठा कुलर बाहेरच्यापेक्षा बारा-पंधरा अंशांनी गार हवा देतो, आणि वीज लागते साधारण 200 वॅट. दीड टनाचा एसी 1500 च्या आसपास खातो. अट एवढीच की समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. पुण्याहून येणारे लोक एसीच्या सवयीने सगळं बंद करतात आणि मग खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. कुलर आत हवा ढकलतो, तिला बाहेर जायला वाट लागते. कुलरच्या बाजूंना बसवायच्या, पाण्याने ओल्या राहणाऱ्या ताट्या वाळ्याच्या, लाकडी भुश्याच्या किंवा हनीकोंबच्या, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेल्या, मिळतात. वाळ्याचा वास सुरेख, पण त्या दरवर्षी बदलाव्या लागतात. हनीकोंब महाग असतात, पण दोन-तीन हंगाम टिकतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान मुलं आणि पाणी भरणाऱ्या बायका जास्त. लोखंडी पत्र्याची बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय, जुनी वायर, आणि पाणी भरताना बटण चालूच. म्हणून बॉडी प्लास्टिकची घ्या. घरात गेल्यावर पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि मेन बोर्डवर आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे ना ते बघा, नसेल तर स्वतःच्या खर्चाने बसवा. त्यावरचं टेस्टचं बटण दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. टाकीत पाणी भरायचं ते प्लग काढून, पायात कोरडी चप्पल घालून. मुलीला पहिल्या दिवसापासून सांगा की कुलरला हात लावायचा नाही. शिवाय आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

एसी एक घ्या, आईंच्या खोलीत. तो मे महिन्यातल्या रात्रींसाठी आणि त्याहूनही जास्त पावसाळ्यासाठी. जूनच्या मध्यावर पाऊस आला की हवेत ओल येते आणि कुलरचा काही उपयोग उरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस दोन-चार दिवस उघडला की जो उकाडा होतो, तो मला मे महिन्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतो.

वेळापत्रकाचं इथल्या लोकांकडून शिका. घरातली खिडकी सकाळी आठ-नऊला बंद होते ती सूर्य मावळल्यावर उघडते. भाजी, दूध, बँक, दवाखाना, सगळं दहाच्या आत. बारा ते चार रस्ते ओस पडतात. पहिल्या वर्षी मी भर दुपारी पोस्टात निघाले, तेव्हा शेजारच्या काकूंनी जिन्यातच अडवलं: "उन्हात कुठं निघून राहिल्या तुम्ही? चार वाजू द्या न." त्यांनी मला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि साडेचारपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी सातनंतर शहर पुन्हा जागं होतं. फुटाळा तलावाच्या काठावर, सीताबर्डीच्या बाजारात रात्री दहापर्यंत लहान मुलांना घेऊन लोक फिरत असतात. मुलीचं खेळणं सकाळी लवकर आणि रात्री, असं ठेवा. शाळेचंही गणित वेगळं आहे: उन्हाळ्यात शाळा सकाळची असते आणि जूनमध्ये विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात.

बाहेर जावंच लागलं तर सुती दुपट्टा. डोकं, कान आणि मान झाकली गेली पाहिजे, त्यावर हेल्मेट. इथे पुरुषही बांधतात, संकोच करू नका. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यांची माया खरी आहे, पण आधार दुपट्ट्याचा आणि पाण्याचाच. निघण्याआधी पाणी पिऊन निघायचं, तहान लागायची वाट बघायची नाही. घरात कैरीचं पन्हं, ताक, ज्वारीची आंबील रोज असू द्या. घरी जलसंजीवनी करायची तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपीच्या माणसाला मीठ घातलेलं काहीही रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आईंच्या बाबतीत सगळ्यात आधी त्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, पुण्यातून निघण्याआधीच. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. उन्हाळ्यात घामाने पाणी जात असताना त्या तशाच चालू राहिल्या तर बीपी फार उतरू शकतं, उठताना चक्कर येते, माणूस पडतो. डोस बदलायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण मनाने गोळी बंद करायची नाही. वयस्कर माणसांना तहान कमी जाणवते, म्हणून त्यांच्या हातात पेला द्यावा लागतो. आम्ही सासूबाईंच्या खाटेजवळ तांब्या ठेवून तो दुपारी आणि संध्याकाळी रिकामा झाला का ते बघायचो.

मुलीचा कदाचित घोळणा फुटेल, म्हणजे नाकातून रक्त येईल. कोरड्या हवेने नाकातली नाजूक त्वचा फाटते. घाबरू नका आणि तिला आडवं झोपवू नका, मान मागे टाकू नका. बसवून पुढे वाकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं न सोडता दाबून ठेवा. रात्री नाकपुडीत थोडं व्हॅसलीन लावत राहिलं की बहुधा पुन्हा होत नाही.

उष्माघात कसा ओळखायचा ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. नुसती दमणूक, घाम, डोकेदुखी असेल तर सावली, पाणी आणि विश्रांतीने उतरते. पण अंग भाजल्यासारखं तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय किंवा गुंगीत आहे, तर तो उष्माघात. तापाची गोळी देण्यात वेळ घालवू नका, ती यावर चालत नाही. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत पंखा लावा, काखेत, मानेवर, जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडातून पाणी पाजू नका.

नागपूर म्हणजे बारा महिने ऊन असं समजून गरम कपडे मात्र पुण्यात वाटून टाकू नका. 29 डिसेंबर 2018 ला इथे 3.5 अंश तापमान होतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 च्या खाली जातो, दिवसा कोवळं ऊन असतं आणि संत्री हातगाड्यांवर रचलेली असतात. माझ्या सासूबाईंना हे महिने फार आवडायचे.

राहिला एप्रिलचा प्रश्न. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर येतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. धडधाकट माणसाला हे जमतं. सत्तरीनंतर शरीराची ही ताकद कमी झालेली असते, त्यात घर नवीन, डॉक्टर नवीन. म्हणून जमत असेल तर एप्रिलमध्ये तुम्ही एकटे या, घर लावा, कुलर-एसी बसवा, जवळचा डॉक्टर शोधून ठेवा. पत्नी आणि मुलीला शाळा उघडायच्या बेताने आणा. आईंना पुण्यात सांभाळणारं कुणी असेल तर त्यांना दिवाळीनंतर आणा, म्हणजे थंडी अनुभवून, फेब्रुवारी-मार्चमध्ये हळूहळू तापत जाणाऱ्या दिवसांबरोबर त्यांचं शरीरही तयार होईल. तसं कुणी नसेल आणि सगळ्यांनी एकदमच यायचं असेल, तर सामानाच्या ट्रकची वाट न बघता आईंच्या खोलीतला एसी त्या पोचायच्या आदल्या दिवशी बसलेला असू द्या, रात्रीच्या गाडीने या म्हणजे सकाळी लवकर घरात असाल, आणि पहिले दोन आठवडे त्यांना सकाळी आठनंतर घराबाहेर काढू नका. कोणत्या भागात घर बघताय ते कळवलंत तर तिथल्या पाण्याचं आणि दवाखान्यांचं विचारून सांगेन.